हिंवाळ्याची वही

तुळशीचें लग्न आटोपलें, मांडवाचा ऊंस मुलांनीं खाऊन संपविला, कीं नंदुरबारच्या हवेंत एकदम फरक पडतो. गांवाबाहेरच्या पथाऱ्यांवर तांबड्या मिरच्या वाळूं लागतात, आणि सातपुड्यांतून उतरणाऱ्या माणसांकडून तोरणमाळ व डाब या बाजूला पानांवरचें दंव गोठल्याच्या गोष्टी कानीं येतात. भूक वाढते, झोंप गाढ लागते. उन्हाळ्यांत पारा बेचाळीस अंशांच्याही वर चढविणाऱ्या या मुलखांत अंगमेहनतीला मनापासून अनुकूल असा काळ हाच. आणि तो फार थोडा असतो. होळी पेटली कीं तो सरला. तुळशीच्या लग्नापासून होळीपर्यंत मोजून सतरा आठवडे मिळतात. त्या सतरा आठवड्यांचा हिशेब या महिन्याच्या लेखांत मांडावयाचा आहे, आणि तो बारबेलच्या व्यायामाचा आहे.

हिशेब हा शब्द मुद्दाम योजिला आहे. दोन वर्षांपूर्वीं आमच्या घरीं तो न मांडल्याचें फळ चांगलेंच मिळालें. थोरल्या बंधूंचा मुलगा, वय एकोणीस, दिवाळीच्या सुटींत हट्ट करून बारबेलचा संच घेऊन आला. वीस किलोंचा लोखंडी दांडा, आणि पांच, दहा व वीस किलोंच्या प्लेटा. मागील पडवींत त्याची प्रतिष्ठापना झाली. लवकरच मित्र जमूं लागले. एकानें साठ उचलले कीं दुसऱ्यानें सत्तर उचलावयाचे. संचांत पांच किलोंहून लहान प्लेट नव्हती, म्हणजे दांड्याच्या दोन्ही बाजूंस एक एक लावली कीं वाढ एकदम दहा किलोंची होई. ही गोष्ट तेव्हां कोणाच्याच ध्यानांत आली नाहीं. माघांतल्या एका पहांटे, अंथरुणांतून उठून दहा मिनिटें झालीं नसतील तों, त्यानें पाठीची कमान करून जमिनीवरचा दांडा उचलला आणि तेथेंच खालीं बसला. पुढें सहा आठवडे त्याला धड बसतां येईना कीं वांकतां येईना. परीक्षेला रिक्षांतून न्यावा लागला, आणि तीन तासांचा पेपर दीड तासांत टाकून तो परत आला.

"तें लोखंड उद्यां भंगारवाल्याला देऊन टाका," असें दादा म्हणाले. आमच्या घरांत दादांच्या शब्दापुढें सहसा कोणी बोलत नाहीं. मीं धीर करून एवढेंच म्हटलें, "दादा, एक हिंवाळा तें माझ्या स्वाधीन करा. दोष लोखंडाचा आहे कीं आपला, तें तरी कळूं द्या."

दादांनीं होकार दिला नाहीं, आणि भंगारवाल्यालाही बोलाविलें नाहीं. एकत्र कुटुंबांत एवढी संमति पुरते.

मला दुसरीही एक गोष्ट सलत होती. आई त्या वर्षीं पंचाहत्तर वर्षांची झाली. जेवावयाला ती पाटावर बसत असे, ती हळूच खुर्चीवर आली. मग देवघरांतही पाटाऐवजीं स्टूल आलें. मुलाची पाठ दुखावली तेव्हां सगळें घर धांवलें; आईचा पाट सुटला तो कोणाला दिसलाही नाहीं. 'वय झालें' या दोन शब्दांत आम्ही तो निकालांत काढला होता. पाट सुटणें म्हणजे मांडीची व कमरेची शक्ति सुटणें, आणि पुढें न्हाणीघरांतला एखादा घसरा हाच त्याचा परिणाम ठरतो, हें मला पुस्तकें चाळूं लागल्यावर उमगलें.

पहिलें पुस्तक घरांतलेंच निघालें. वाग्भटानें अष्टांगहृदयांत, सूत्रस्थानाच्या दिनचर्येच्या अध्यायांत, व्यायामाचें माप सांगितलें आहे. बलवान् व स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसानें शीतकाळांत व वसंतांत अर्ध्या शक्तीनें व्यायाम करावा. इतर ऋतूंत त्याहूनही मंद करावा. आमच्या तालमींतून जोर-बैठकांचे आंकडे हजारांत सांगण्याची चाल असतां, ज्या ऋतूंत शक्ति सर्वांत अधिक त्याच ऋतूंत 'अर्धी' म्हणणारा हा ग्रंथकार मला फार शहाणा वाटला. मात्र अर्धी शक्ति मोजावी कशी? कपाळावर, काखेंत व सांध्यांवर घाम येऊं लागला आणि श्वास तोंडानें चालूं लागला, म्हणजे अर्धी शक्ति खर्च झाली असें जुने वैद्य सांगतात. पौषांतल्या संध्याकाळीं पडवींत घाम लवकर येत नाहीं, म्हणून आम्हांला दुसरें माप शोधावें लागलें.

तें माप एका अमेरिकन डॉक्टरापाशीं सांपडलें. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस शिकागोच्या एका लष्करी रुग्णालयांत डॉ. थॉमस डिलॉर्म हे जखमी सैनिकांच्या दुबळ्या झालेल्या पायांवर उपचार करीत. तोंवर अशा रुग्णांकडून हलका व्यायाम पुष्कळ वेळां करवून घेण्याचा प्रघात होता. डिलॉर्मनीं वजन वाढविलें व आवृत्ति कमी केल्या, आणि १९४५ सालीं आपली पद्धति प्रसिद्ध केली. १९४८ सालीं ती आणखी सोपी झाली. जें वजन नीट रीतीनें दहाच वेळां उचलतां येईल तें शोधून काढावयाचें; पहिल्या खेपेला त्याच्या निम्मे वजन, दुसऱ्या खेपेला पाऊणपट, तिसऱ्या खेपेला पूर्ण. दहा वेळांचें सामर्थ्य वाढलें, कीं वजनही त्या मानानें वाढवावयाचें.

आम्हीं वाग्भट आणि डिलॉर्म यांची सांगड घातली. डिलॉर्मच्या तीन खेपा ठेविल्या, परंतु प्रत्येक खेपेंत दहांऐवजीं पांचच आवृत्ति. दहा होण्यासारख्या वजनाच्या पांच केल्या, म्हणजे अर्धी शक्ति ओघानेंच आली. पुतण्याला हें प्रथम भेकडपणाचें वाटलें. परंतु अलीकडच्या प्रयोगांतून असेंच दिसून आलें आहे कीं, दम पुरा निघेपर्यंत जाणाऱ्याची आणि दोन-तीन आवृत्ति शिल्लक ठेवून थांबणाऱ्याची शक्ति जवळजवळ सारखीच वाढते. पहिल्याला थकवा मात्र अधिक येतो.

यावरून वहीची कल्पना निघाली. शंभर पानी साधी वही, दर माणसास स्वतंत्र पान, आणि पानावर पांच रकाने: तारीख, व्यायाम, वजन, आवृत्ति, आणि शेवटचा 'आणखी किती झाल्या असत्या?' खरें महत्त्व या शेवटच्या रकान्याला आहे. तेथें तीन किंवा अधिक असा आंकडा पडला, तरच पुढील आठवड्यांत वजन वाढवावयाचें; नाहींतर तेंच चालूं ठेवावयाचें. पुतण्यानें पहिल्या पंधरवड्यांत त्या रकान्यांत सरसकट 'दहा' लिहिलें. वहिनी भाजी निवडीत शेजारींच बसत, त्यांनीं एक दिवस शांतपणें म्हटलें, "मग करून दाखव ना." सहाव्या बैठकीला त्याचे गुडघे आंत वळूं लागले. तेव्हांपासून तो खरे आंकडे लिहूं लागला.

आतां सतरा आठवड्यांची वांटणी. पहिले चार आठवडे मोकळ्या दांड्यानें केवळ रीत शिकावयाची. एकही प्लेट लावावयाची नाहीं. पांचवा आठवडा दत्तजयंतीच्या आसपास येतो. त्या सुमारास तापीकांठीं सारंगखेड्यास एकमुखी दत्ताची यात्रा व घोड्यांचा बाजार भरतो. घरांतलें कोणी ना कोणी तिकडे जाणारच, म्हणून तो आठवडा विश्रांतीचा धरला. सहाव्यापासून अकराव्यापर्यंत वाढीचे आठवडे. बाराव्यांत रथसप्तमी येते; तेव्हां दांड्याला हात न लावतां नुसते सूर्यनमस्कार. तेराव्यापासून होळीपर्यंत पुन्हां वाढ. मधल्या दोन विसाव्यांविषयीं कोणी नाक मुरडूं नये. स्नायूंवर व्यायामाचा ताण पडतो, आणि भरून येण्याचें त्यांचें काम विश्रांतींत चालतें.

वाढ किती? दर बाजूस सव्वा किलो, म्हणजे आठवड्याला अडीच किलो. अशा लहान प्लेटा आमच्या येथें मिळाल्या नाहींत, सुरतेहून आणविल्या. अर्ध्या किलोच्या मागविल्या तेव्हां दुकानदारानें "घरांत लहान मूल आहे काय?" असें विचारलें म्हणतात. पण गंमत पाहा. वाढीचे आठवडे अकरा. अकरा वेळां अडीच म्हणजे साडेसत्तावीस. वीस किलोंच्या दांड्यापासून निघालेला माणूस होळीला साडेसत्तेचाळीस किलो खांद्यावर घेऊन बैठका काढतो, आणि एकाही दिवशीं त्याला आजचें वजन कालच्याहून जड वाटत नाहीं. विशीचा मुलगा प्रारंभीं याहून जलद वाढूं शकेल, हें मला मान्य आहे. तरीही पाठ दुखावलेल्या मुलास, डॉक्टरांची परवानगी मिळाल्यावरसुद्धां, मीं हीच चाल दिली. सत्तर किलोंची बढाई मारणाऱ्या मुलानें महिनाभर मोकळा दांडा घेऊन बैठका काढल्या, यांत त्याच्या पाठीइतकाच त्याच्या स्वभावालाही लाभ झाला असें माझें मत आहे. तो अर्थात् तसें मानीत नाहीं.

व्यायाम चारच ठेविले. खांद्यावर दांडा घेऊन बैठक. जमिनीवरून दांडा उचलून सरळ उभें राहणें. उभ्यानें दांडा खांद्यापासून डोक्यावर रेटणें. आणि कमरेंत वांकून, पाठ फळीसारखी ठेवून, दांडा पोटाशीं ओढणें. बाकावर उताणें पडून दांडा रेटण्याची मुलांना फार हौस असते. घरीं सोबतीस कोणी नसतां ती पुरवूं नये. दांडा छातीवर अडकला तर काढणार कोण? आमचे जुने जोर त्या जागीं उत्तम काम देतात. दुसऱ्या प्रकाराविषयीं एक सूचना. स्पर्धेच्या मोठ्या प्लेटेचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, म्हणून दांडा जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटर उंच राहतो. लहान प्लेटा लाविल्या तर तो फार खालीं जातो, आणि माणूस पाठ वांकवितो. आमच्या मुलाचें नेमकें असेंच झालें होतें. दोन्ही बाजूंस कांहीं तरी ठेवून दांडा तेवढ्या उंचीवर आणावा. वहिनींनीं जेवणाचे पाट देण्यास साफ नकार दिला, म्हणून आम्हीं विटा रचल्या.

वार दोन: सोमवार आणि गुरुवार. तरुणांनीं शनिवार हवा तर जोडावा, तो मारुतीचाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांतही प्रौढांनीं स्नायूंना बळ देणारा व्यायाम आठवड्यांतून निदान दोन दिवस करावा असें सांगितलें आहे. आरंभीं बारा सूर्यनमस्कार, मग तीन खेपांचे चार व्यायाम. पाऊण तासांत काम उरकतें.

वेळेच्या बाबतींत मात्र मला वडिलांचा नियम मोडावा लागला. ते पहांटे उठून, थंड पाण्यानें तोंड धुऊन, लगेच जोर काढीत. जोरांना तें चालत असेल. परंतु रात्रभर आडवें पडल्यानें मणक्यांमधल्या मऊ चकत्या पाणी शोषून फुगतात. सकाळीं माणूस रात्रीपेक्षां एक-दोन सेंटिमीटर उंच भरतो तो यामुळेंच. फुगलेल्या चकतीवर वांकण्याचा ताण अधिक पडतो, आणि उठल्यानंतरच्या पहिल्या तासाभरांत तो बराच उतरतो. म्हणून आमचा दांडा संध्याकाळीं, दिवेलागणीच्या आधीं हालतो.

आतां थोडें भगिनीवर्गासाठीं. वहिनी अठ्ठेचाळीस वर्षांच्या. माझी योजना ऐकून त्या म्हणाल्या, "भावोजी, आमच्या सासूबाईंच्या हातीं जातें होतें, डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी होती. तुमचा दांडा त्यांनीं आधींच उचलला आहे." खरेंच होतें. परंतु जातें गेलें, हंडा गेला, आणि त्यांच्या जागीं कांहींच आलें नाहीं. रजोनिवृत्तीनंतर हाडें झपाट्यानें विरळ होऊं लागतात, ती वेळ नेमकी हीच. ऑस्ट्रेलियांत ग्रिफिथ विद्यापीठाच्या संशोधकांनीं हाडें विरळ झालेल्या १०१ प्रौढ स्त्रियांवर केलेला एक प्रयोग २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतल्या एका गटानें आठ महिने, आठवड्यांतून दोनदां, अर्धा अर्धा तास, हीच बैठक, हेंच उचलणें व डोक्यावर रेटणें केलें. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्क्यांनीं वाढली. घरच्या घरीं हलका व्यायाम करणाऱ्या दुसऱ्या गटाची १.२ टक्क्यांनीं घटली. येथें एक कबुली दिली पाहिजे. त्या स्त्रियांनीं उचललेलें वजन अर्ध्या शक्तीचें नव्हतें, चांगलें जड होतें. वाग्भट तेथें हरला म्हणावयाचें. मात्र तज्ज्ञ माणूस प्रत्येक वेळीं समोर उभा होता, आणि पहिला महिना त्यांनींही हलक्या वजनानें रीत शिकण्यांत घालविला. आमच्या पडवींत तसा तज्ज्ञ नाहीं, म्हणून मी अर्ध्या शक्तीवरच ठाम आहें.

वहिनींसाठीं पंधरा किलोंचा दांडा आणविला. स्त्रियांच्या स्पर्धेंत तोच वापरतात. अंग पुरुषी होईल, ही आमच्या काकूंची शंका निराधार आहे. मीराबाई चानूनें २०२१ सालीं टोकियो येथें ४९ किलो वजनगटांत २०२ किलो उचलून रौप्यपदक मिळविलें. स्वतःच्या चौपटीहून अधिक वजन दोन प्रकारांत मिळून उचलणारी ती मुलगी काकूंच्या खांद्यालाही लागणार नाहीं. स्पर्धेचें शास्त्र अर्थात् निराळें. खानदेशच्या वेशीवरच्या मनमाडनें गेल्या कांहीं वर्षांत उत्तम भारोत्तोलक घडविले आहेत. सांगलीच्या संकेत सरगरनें २०२२ सालीं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत ५५ किलो वजनगटांत २४८ किलोंचें रौप्यपदक घेतलें. सुवर्ण एका किलोनें हुकलें, आणि त्यासाठीं केलेल्या प्रयत्नांत त्याचा कोपर दुखावला. देशाच्या पदकासाठीं ती जोखीम शोभते. पडवींत मित्रांसमोर ती घेण्यांत कांहीं अर्थ नाहीं.

राहिली आई. वाग्भट वृद्धांना व्यायाम वर्ज्य सांगतो, आणि येथें मात्र मी त्याचें ऐकलें नाहीं. बोस्टन येथें १९९० सालीं सरासरी नव्वद वर्षें वयाच्या दहा दुबळ्या वृद्धांकडून आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम करविला. शेवटपर्यंत टिकलेल्या नऊ जणांच्या मांड्यांची शक्ति सरासरी १७४ टक्क्यांनीं वाढली. नव्वदीला जें होतें तें पंचाहत्तरीला कां होऊं नये? आईला आम्हीं दांडा दिला नाहीं. खुर्चीवरून हात टेकून पांच वेळां उठणें, एवढाच तिचा पहिला पाठ. चौथ्या आठवड्यांत हात सुटले. आठव्यांत खुर्ची जाऊन देवघरांतलें स्टूल आलें. अकराव्यांत तिनें सव्वा किलोची प्लेट दोन्ही हातांनीं छातीशीं धरली, आणि ती थंडगार लागते म्हणून तिला लोकरीचें आवरण विणलें. होळीपर्यंत ती वीतभर उंचीच्या चौरंगावरून हात न टेकतां उठूं लागली. पाटावरून अजून उठवत नाहीं. त्याचा रकाना रिकामा आहे.

ज्यांना रक्तदाब, हृदयविकार किंवा अंतर्गळ आहे, त्यांनीं डॉक्टरांना विचारल्यावांचून दांड्याला हात लावूं नये. कोणींही श्वास कोंडून वजन उचलूं नये. आहाराविषयीं मुलें फार भाबडीं असतात. डब्यांतली भुकटी घेतल्यावांचून अंग भरत नाहीं असें त्यांना वाटतें. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या कोष्टकाप्रमाणें प्रौढास दर किलो वजनामागें ०.८३ ग्रॅम प्रथिनें लागतात. साठ किलोंच्या माणसास सुमारें पन्नास ग्रॅम. दोनशे ग्रॅम पिठाच्या दादरच्या भाकरी वीस ग्रॅम देतात, पन्नास ग्रॅम डाळ अकरा, अर्धा लिटर दूध सोळा, आणि मूठभर शेंगदाणे सात. व्यायाम करणाऱ्यानें यावर वाटीभर उसळ अधिक घ्यावी. २०२४ च्या आहार-सूचनांत त्याच संस्थेनें प्रथिनांच्या भुकट्या टाळण्याचा सल्ला दिला आहे. हुळ्याच्या दिवसांत खानदेशांत राहून डबा विकत घेणें ही बुद्धीची उधळपट्टी आहे. डिंकाच्या लाडवांतून शक्तीपेक्षां तूपच अधिक मिळतें, हें मात्र वहिनींना सांगण्याचें धैर्य मला झालें नाहीं.

होळीनंतर काय? वाग्भटाच्या मतें वसंत अजून अर्ध्या शक्तीचाच आहे, पण त्याला आमचा चैत्र ठाऊक नव्हता. होळीनंतर आम्ही आठवड्यांतून एकच वार ठेवतों, वजन तिसऱ्या हिश्श्यानें उतरवितों, आणि नवी वाढ बंद. मिळविलेली शक्ति तेवढ्यावरही बरीच टिकते. मृगाच्या आधीं दांडा पुसून त्याला तेलाचा हात द्यावा, नाहींतर पावसाळ्यांत गंज धरतो.

या वर्षाची वही आणून ठेविली आहे. पुतण्या शेवटच्या वर्षीं ज्या वजनावर थांबला, त्याहून दहा किलो खालून आरंभ करणार आहे, आणि त्यावर त्यानें वाद घातलेला नाहीं. दादांच्या नांवाचेंही एक पान मीं घातलें आहे. परवां संध्याकाळीं पडवींत कोणी नसतां त्यांनीं दांडा एकदां पायानें ढकलून पाहिला, असें आई सांगते. तें पान अजून कोरें आहे.